शेंदूर, टँकर आणि कोरी बाटली

खंडेनवमीला आमच्या लॅबमध्ये यंत्रांची पूजा असते. वजनकाट्यापासून ओव्हनपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार, हळद-कुंकू, समोर नारळ. हे खातं मामांकडे. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. मालकांपासून ट्रेनी पोरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात. ज्या वर्षी आयसीपी-एमएस, म्हणजे पाण्यातले कणभर धातूही मोजणारं यंत्र, आलं, त्या वर्षी मामांना वाटलं, बंगल्याच्या किमतीच्या यंत्राला नुसतं कुंकू कसं पुरेल? त्यांनी गावच्या मारुतीचा शेंदूर कागदाच्या पुडीत बांधून आणला आणि ऑटोसॅम्पलरच्या, म्हणजे नमुन्यांच्या नळ्या यंत्राला एकेक करून पुरवणाऱ्या भागाच्या, झाकणावर अंगठ्याने ठसठशीत स्वस्तिक काढलं. मी हात जोडले, पेढा खाल्ला, दसऱ्याच्या सुट्टीवर गेले. बावीस वर्षं पाण्यातले धातू मोजणाऱ्या बाईच्या डोक्यात त्या क्षणी काहीही वाजलं नाही, हे आधीच कबूल करते.

सुट्टीनंतर पहिला रन लावला. साठ-एक नमुने होते, बहुतेक ग्रामपंचायतींच्या बोअरचे. नमुन्यांच्या आधी नेहमीप्रमाणे तीन ब्लँक. ब्लँक म्हणजे कोरी बाटली: अल्ट्राप्युअर पाणी, नमुन्यात घालतो तेवढंच नायट्रिक ॲसिड, आणि बाकी काही नाही. शिसं किती? 0.04, मग 2.9, मग 0.3 पीपीबी.

ट्रेनी म्हणाला, "मॅडम, मधला आउटलायर आहे, काढून टाकू?"

त्याला उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

आधी पीपीबी, म्हणजे अब्जात एक भाग, हे किती ते सांगते. माझ्या नवऱ्यालाही हे लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं. उन्हाळ्यात येवल्याकडे जाणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, शिशाला लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 पीपीबी एवढीच मुभा देतं. अख्ख्या टँकरचा हिशेब केला तर शिसं होतं 0.1 ग्रॅम. तांदळाचे चार-पाच दाणे वजनाला जेवढे भरतील, तेवढं. त्या टँकरमधून 50 मिलि पाणी माझ्यापर्यंत येणार, आणि त्यावरून मी सांगायचं की दाणे चार होते की सहा. आता त्या 50 मिलिच्या नळीत बाहेरून काही पडलं तर? 2.9 पीपीबी यायला तिथे साधारण 0.15 मायक्रोग्रॅम शिसं लागतं. शेंदूर म्हणजे लाल शिसं, त्याचा कण जड असतो. मी गणित मांडून पाहिलं, केसाच्या जाडीच्या निम्म्याइतका एक कण पुरतो. एक. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही.

ब्लँक वाचायची एक रीत असते. ती मला कुठल्या पुस्तकात अशी सरळ लिहिलेली सापडली नाही. चुका करत करत जमवली. तिन्ही ब्लँक सारखेच वर गेले असतील, समजा 0.8, 0.8, 0.9, तर दोष सगळ्यांत सारखा मिसळलेला आहे: ॲसिडची बाटली किंवा पाण्याचं यंत्र. आकडे पायऱ्या उतरल्यासारखे येत असतील, 2.0, 0.9, 0.4, तर आधीच्या कुठल्या तरी भारी नमुन्याचं उष्टं नळीत राहिलंय; धुवत राहा, उतरेल. आणि आकडे बेडकासारखे उड्या मारत असतील, तर धूळ. धूळ सगळ्या नळ्यांत समान पडत नाही. एकीत कण पडतो, शेजारची कोरी राहते. म्हणजे ट्रेनी ज्याला आउटलायर म्हणत होता, तोच एकटा काही सांगत होता. तो काढला असता तर उरलेल्या दोन आकड्यांवर रन व्यवस्थित पास झाला असता, आणि साठ गावांपैकी कुठल्या तरी तीन-चार गावांच्या रिपोर्टवर मारुतीचं शिसं गेलं असतं.

धूळ हे कळलं, पण कसली? ॲसिड बदललं, नळ्या बदलल्या, एसीची जाळी काढून धुतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेनीने ऑटोसॅम्पलरचं झाकण उघडलं तेव्हा खिडकीतून तिरकं ऊन येत होतं, आणि त्या उन्हात मला झाकणाच्या कडेवरून केशरी पूड सरकताना दिसली. स्वस्तिकाची उजवी भुजा निम्मी झाली होती.

पुडीत उरलेला शेंदूर मामांकडे होता. चिमूटभर परीक्षानळीत घेतला, वर पातळ नायट्रिक घातलं. केशरी रंग गेला आणि तळाला चॉकलेटी गाळ बसला. लाल शिसं म्हणजे शिशाचं ऑक्साइड. नायट्रिकमध्ये त्याचा काही भाग विरघळतो आणि उरतो तो हा चॉकलेटी डायऑक्साइड. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये जर्नलात लिहिलेलं, पंचवीस-तीस वर्षांनी असं भेटलं. वरचं पाणी आयसीपीवर लावलं नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. जुन्या फ्लेम एएएसवर, म्हणजे ज्योतीत धातू मोजणाऱ्या कमी नाजूक यंत्रावर, बघितलं. शिसंच.

मामा ओशाळले. "मॅडम, देवाचं होतं हो." मी म्हटलं, "मामा, चूक माझी आहे. तुम्ही माझ्यासमोर काढलंत." मग दोघांनी मिळून सगळं पुसलं. ओल्या फडक्याने. कोरडं झटकलं असतं तर तीच पूड हवेत उडून उरलेल्या खोलीत बसली असती. हे घरी दिवाळीच्या साफसफाईतही लागू पडतं, पण घरी माझं कोण ऐकतं.

शिशाने छळलेली मी काही पहिली नाही. क्लेअर पॅटरसन नावाचा अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ उल्कांमधलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढायला बसला होता आणि त्याचे आकडे काही केल्या जमेनात. शिसं दगडात कमी आणि प्रयोगशाळेच्या हवेत, काचेत, पाण्यात, ॲसिडमध्ये जास्त. त्याने वर्षानुवर्षं फक्त सफाई केली, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत गाळलेल्या हवेची खोली उभारली, आणि मग 1956 मध्ये जो आकडा छापला, सुमारे 455 कोटी वर्षं, तो आजही टिकून आहे. पुढे समुद्राच्या पाण्याकडे वळल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आधीच्या लोकांनी मोजलेलं पुष्कळसं शिसं समुद्राचं नव्हतंच, ते बाटल्यांचं आणि बोटींचं होतं. त्याच्या नशिबी शेंदूर नव्हता, पेट्रोलचा धूर होता. आपल्याकडचं शिसंवालं पेट्रोल 2000 साली बंद झालं. मी नोकरीला लागले तेव्हाचे जुने सर सांगायचे, की त्याआधी रस्त्याकडची खिडकी उघडी राहिली की शिशाचा दिवस वाया जायचा.

पण खरं सांगू का, लॅबमधल्या चुका निदान सापडतात. लॅबपर्यंत येण्याआधीच्या सापडत नाहीत. नमुना माझ्या टेबलावर येतो तेव्हा त्याचं बरं-वाईट बरचसं होऊन गेलेलं असतं, आणि माझं ते महागडं यंत्र चुकीच्या पाण्याचा अचूक आकडा देतं, दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत.

लोक पाणी कशात घेऊन येतात याची एक स्वतंत्र पोस्ट होईल. मिनरल वॉटरची रिकामी बाटली ठीकच म्हणायची. खोकल्याच्या औषधाची बाटली आली आहे. एका आजोबांनी तांब्याच्या गडव्यात आणलं होतं, वर फडकं बांधून, आणि त्यांना तांबंच तपासून हवं होतं. त्यांना नाही म्हणताना मला फार वाईट वाटलं. धातूंसाठी आम्ही एचडीपीई प्लॅस्टिकच्या पांढऱ्या बाटल्या देतो, रात्रभर दहा टक्के नायट्रिकमध्ये भिजवून, अल्ट्राप्युअर पाण्याने तीनदा विसळून, बूच लावून ठेवलेल्या. वर्तमानपत्रावर पालथ्या घालून वाळवलेल्या नाहीत. हेही एके काळी आमच्याकडेच होत असे. काच चालत नाही असं नाही, पण बोरोसिलिकेट काच बोरॉन सोडते, आणि बोरॉनच मोजायचा असेल तर झाली पंचाईत. उलट पारा मोजायचा असेल तर साधं प्लॅस्टिक नको: पारा त्यातून आत-बाहेर जा-ये करतो. पाऱ्यासाठी काच किंवा टेफ्लॉन. एकच बाटली सगळ्याला, हे स्वप्न सोडून द्या.

आमचा सॅम्पलिंगचा मुलगा चांगला आहे, पण त्याला तंबाखू लागते. डाव्या तळव्यावर चुना-तंबाखू मळायची, चिमूट ओठात, हात पँटला पुसायचे, आणि त्याच हाताने बूच उघडायचं. तंबाखूच्या पानात कॅडमियम असतं, आणि मानकात कॅडमियमला मुभा फक्त 3 पीपीबीची. मी त्याला कधी रंगे हाथ पकडलं नाही; फील्ड ब्लँकमध्ये तसं काही उतरलं नाही. तरी नियम केला: आधी तंबाखू, मग साबण, मग बिनपावडरचे हातमोजे, मग बाटली. पावडरवाले मोजे आम्ही जस्तापायी बंद केले. जस्त हा लॅबमधला सगळ्यात लोचट धातू. रबरात आहे, कॅलामाइनमध्ये आहे, उन्हाच्या क्रीममध्ये आहे. पिण्याच्या पाण्यात जस्ताची मर्यादा 5 मिलिग्रॅम, म्हणजे ऐसपैस, त्यामुळे त्याची फिकीर कुणी करत नाही. मी मात्र ब्लँकमधलं जस्त रोज बघते. डॉक्टर जीभ बघतात तसं. जस्त वाढलं की समजायचं, हात कुणाचे तरी चुकताहेत. आज जस्त, उद्या शिसं.

फील्ड ब्लँक म्हणजे काय, ते विचारतात लोक. कोरं पाणी भरलेली एक बाटली मुलासोबत गाडीतून गावापर्यंत जाते, बोअरशेजारी उघडली जाते, तिथल्या हवेत दुसऱ्या बाटलीत ओतली जाते, ॲसिड घालून बंद होते, आणि परत येते. नमुन्याचे सगळे भोग भोगते, फक्त तिच्यात गावचं पाणी नसतं. गाडीचं डिझेल, रस्त्याची धूळ, मुलाचे हात, सगळ्याची साक्ष ती देते. ग्राहकांना तिचे पैसे जड वाटतात. "कोऱ्या पाण्याचे कसले पैसे घेता मॅडम?" असं एका उद्योजकाने हसत विचारलं होतं. मी म्हटलं, त्याच एका बाटलीचे घेते, बाकीच्या तिच्या भरवशावर आहेत.

नळाचं पाणी घेतानाची एक गोष्ट. एका शाळेच्या पाण्यात शिसं 31 पीपीबी आलं. शाळेचं नाव सांगत नाही. मुख्याध्यापक घाबरून स्वतः आले. पुन्हा नमुना घेतला, 1.8 आलं. पहिली लॅब खोटी, दुसरी खरी, असं त्यांनी ठरवलंही. लॅब एकच होती. पहिला नमुना सोमवारी सकाळी सातला, नळ उघडल्या-उघडल्या भरलेला. दुसरा मंगळवारी दुपारी, पाच मिनिटं पाणी सोडून. शनिवार दुपारपासून पितळी तोटीत तुंबलेलं पाणी शिसं ओढत बसलं होतं. पितळेत शिसं थोडं घातलेलंच असतं, कातकामाला सोपं जावं म्हणून. दोन्ही आकडे खरे होते. एक तोटीचा, एक टाकीचा. सोमवारी पहिल्या तासाला पाणी पिणारं पोर मात्र तोटीचंच पितं, म्हणून मी दोन्ही आकडे रिपोर्टात टाकले, आणि तेव्हापासून आमच्या लेबलवर "पहिली धार" आणि "सोडलेली धार" असे दोन चौकोन आहेत. तारखेशेजारी वेळ लिहिणंही सक्तीचं केलं.

आता आर्सेनिक. महाराष्ट्रात त्याची फार ओरड नाही, त्यामुळे आमचा हातही त्यावर फारसा बसलेला नव्हता. एका संस्थेकडून बिहारमधल्या भोजपूरकडच्या हातपंपांचे नमुने पार्सलने आले. बाटल्यांत वर पाणी नितळ, तळाला तांबूस गाळ. ॲसिड तिथे घातलंच नव्हतं. आमच्या लॅबमधल्या मुलीने पिपेटने वरचं नितळ पाणी घेतलं, हे तिचं शिस्तीत वागणंच झालं, गाळ कोण यंत्रात घालेल? आर्सेनिक 6 पीपीबी. मर्यादा 10. पास.

मला तो गाळ खटकला. जमिनीखाली हवा नसते, तिथे लोह पाण्यात विरघळलेलं असतं आणि पाणी दिसतं आरशासारखं. वर येऊन हवा लागली की त्याच लोहाचा गंज होतो, आणि हा गंज खाली बसताना आर्सेनिकला मिठी मारून घेऊन जातो. हा धडा मी पुस्तकात वाचला होता, हाताखाली कधी आला नव्हता. मग दुसऱ्या बाटल्या घेतल्या, न उघडलेल्या. त्याच बाटलीत, पाणी बाहेर न काढता, नायट्रिक घातलं, पीएच 2 च्या खाली नेला, हलवून रात्रभर ठेवलं. सकाळी गाळ गायब, पाणी किंचित पिवळसर. आर्सेनिक 74.

मुलगी काहीच बोलली नाही. मीही नाही. कारण पहिला रिपोर्ट टाइप होऊन सहीला माझ्याच टेबलावर होता.

आणि याची उलटी बाजूही याच आर्सेनिकने दाखवली. पालघर जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका बोअरचं पाणी, चवीला मचूळ, क्लोराइड 6000 मिलिग्रॅम. आर्सेनिक आलं 14. तिथे आर्सेनिक यायचं काही कारण नव्हतं. हे यंत्र आरगॉनच्या प्लाझ्मात पाण्याचा फवारा सोडतं आणि जे आयन तयार होतात ते वस्तुमानावरून मोजतं. आर्सेनिकचं वस्तुमान 75. आरगॉन 40 आणि क्लोरीन 35 एकमेकांना चिकटले की त्या जोडीचं किती? 75. यंत्राला नाव कळत नाही, त्याला फक्त वजन कळतं. चिकटलेल्या जोड्या फोडायला-अडवायला यंत्रात हेलियमची सोय असते, ती त्या मेथडमध्ये कुणीतरी बंद ठेवली होती, कारण हेलियम महाग. सोय चालू करून तेच पाणी लावलं, 0.7 आलं. आदल्या महिन्यातले खारे नमुने आम्ही सगळे परत लावले. मालक गॅसच्या बिलावर बोलले, पण फार नाही.

दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की गंमत दिसते. पहिलीत ब्लँक निर्दोष होता, दुसरीतही. कोऱ्या बाटलीत लोह नाही आणि मीठ नाही. ती या चुका पकडणारच कशी? तिथे स्पाइक लागतो: नमुन्यातच मोजूनमापून आर्सेनिक घालायचं आणि बघायचं घातलेलं परत मिळतं का. शंभर घातले आणि साठच आले, तर पाणी काहीतरी गिळतंय. पण खाऱ्या पाण्यात स्पाइकही फसवतो, तिथे घातलेलं पूर्ण मिळतं, वरती 14 फुकटचे असतातच. म्हणून एक नमुना दुसऱ्या मेथडने, नाहीतर निदान डोकं चालवून बघायचा. पाणी कुठलं आहे, हे रिपोर्टच्या आधी वाचायला मी आता मुलांना लावते. पूर्वी आम्ही "निःपक्षपाती राहावं" म्हणून फक्त नंबर द्यायचो. त्या निःपक्षपातीपणाने माझं फार नुकसान केलं.

ब्लँक वजा करावा का, हा कायमचा वाद. ब्लँक स्थिर असेल, रोज 0.05 च्या आसपास, तर करा, बिघडत नाही. उड्या मारणारा ब्लँक वजा करणं म्हणजे शेजाऱ्याच्या तापावरून आपल्याला औषध देणं. तिथे रन रद्द. ग्राहकाला फोन करून "दोन दिवस उशीर होईल" म्हणणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, आयसोटोप वगैरे त्याच्यापुढे काहीच नाही.

आणि ते बीडीएल! रिपोर्टवर "बीडीएल" दिसलं की लोक पेढे वाटतात. शोधमर्यादेच्या खाली, एवढाच त्याचा अर्थ. मर्यादा कुणाची, ते शेजारच्या रकान्यात असतं आणि तो रकाना कुणी वाचत नाही. फ्लेम एएएसवर शिसं मोजून बीडीएल लिहिणाऱ्या लॅब मी बघितल्या आहेत. ते यंत्र 10 पीपीबीच्या आसपास आंधळंच असतं, त्याला दिसलं नाही यात नवल काय? आमच्याकडे अगदी थोडं शिसं घातलेलं पाणी सात वेळा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी तयारी करून लावतो, त्या सात आकड्यांचं प्रमाणविचलन काढतो आणि 3.14 ने गुणतो. ती आमची शोधमर्यादा. कॅटलॉगमध्ये छापलेली याहून दसपट सुंदर असते. ती कंपनीच्या स्वच्छ खोलीत, कंपनीच्या माणसाने काढलेली. आमच्या खोलीत मामा आहेत, एमआयडीसीचा रस्ता आहे, आणि मी आहे.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मामा आदल्या दिवशीच केबिनमध्ये आले. "मॅडम, यंदा काय करायचं? पूजा न करता बरं नाही दिसत." मी विचार करून ठेवलाच होता. पॅसेजमध्ये एक जुना कलरीमीटर पडून आहे, आमच्या लॅबचं पहिलं यंत्र, दिवा कधीच गेलेला, भंगारात द्यायला जीव होत नाही म्हणून उरलेला. म्हटलं, सगळ्यांच्या वतीने याची करू. मामांनी त्याला धुऊन-पुसून स्टुलावर बसवलं, हार घातला, नारळ फोडला, आणि माझ्याकडे एकदा बघून पुडी सोडली. शेंदराचा टिळा त्या कलरीमीटरला फार शोभला. मग मामांनी दोन्ही हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, माझ्यासमोर उभं राहून.

सुट्टीनंतर मी गुपचूप लवकर आले आणि तीनऐवजी सहा ब्लँक लावले. 0.04, 0.03, 0.05, 0.03, 0.04, 0.04. मामांना हे मी सांगितलेलं नाही.